टायरांची बदली

गाडीचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजतात. इंजिनचं वजन पुढे, वळायचं काम पुढच्यांना, ब्रेकचा झटकाही आधी पुढच्यांनाच. मागचे आपले पाठोपाठ येतात. म्हणून वर्षातून एकदा पुढचे मागे आणि मागचे पुढे घालायचे, म्हणजे चारही बरोबरीने म्हातारे होतात. माझा नवरा याला टायरांची बदली म्हणायचा, सरकारी माणसाची करतात तशी. दुकानातही हे काम करून देतात. त्यासाठी दुकानात जाणाऱ्याला नवरा आळशी म्हणायचा. मी दुकानात गेले तेव्हा तो मेलेला होता, नाहीतर मलाही म्हणाला असता.

मी चौथी शिकलेली बाई. उरणकडच्या मिठागरात वाढले. मिठागरात समुद्राचं पाणी आत घ्यायच्या आधी जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. आम्ही पोरी ओळीने उभ्या राहून चिखल तुडवायचो. शाळेत जेवढी वर्षं गेली त्याहून जास्त त्या चिखलात गेली. पुढे बंदर आलं, जमिनी गेल्या, आणि ज्यांचे बाप मीठ ओढायचे ते पोरगे ट्रेलर चालवायला लागले. माझा नवरा त्यातलाच. न्हावा शेव्याहून मोठाले कंटेनर घेऊन देशभर फिरायचा. घरी कधीतरी यायचा, झोपायचा आणि जायचा. पोरगा मीच वाढवला. शेवटी नवऱ्याची कंबर गेली आणि ट्रेलर सुटला, तेव्हा उरल्यासुरल्या पैशात त्याने नागावला वाडी घेतली. नारळ, थोडी सुपारी, दोन खोल्यांचं घर, आणि एक जुनी लहान लाल गाडी.

"आता तुझ्याजवळच बसतो," म्हणाला.

मला काही खरं वाटलं नव्हतं. पण बसला.

गाडीला तो दुसऱ्याचा हात लावू देत नसे. बदलीच्या दिवशी पडवीसमोर गाडी उभी करायचा आणि मला हाक मारायचा. माझं काम एकच. ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं आणि ब्रेक दाबून धरायचा.

"मी सांगेपर्यंत पाय काढू नको गो," म्हणायचा.

मी बसायची. बाजूच्या आरशात त्याचं डोकं दिसायचं, मग खाली जायचं आणि दिसेनासं व्हायचं. नुसता पान्याचा आवाज. मला गप्प बसवत नाही, म्हणून मी बोलायची. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, मच्छीवाली कालचे बोंबील आजचे सांगून कशी देऊन गेली, कोणत्या माडाला नारळ धरत नाहीत. खालून तो म्हणायचा, "हां. मग?" नट अडला असेल तर जरा उशिराने म्हणायचा, पण म्हणायचा. माझा पाय भरून यायचा.

"झालं का?"

"न्हाय अजून. दाबून धर."

पुढे साखरेने त्याचे डोळे अधू झाले. मग त्याने मला गाडी शिकवली. या वयात बाई गाडी शिकते म्हणून लोक हसले. मी त्यांच्याकडे बघायला गेले असते तर गाडी गटारात गेली असती, म्हणून बघितलं नाही. शाळेच्या मागच्या मैदानात शिकले. समुद्रावर गाडी नेऊन शिकवणाऱ्यांना तो शिव्या द्यायचा. खारं पाणी गाडीला आतून खातं, हे ट्रेलरवाल्याला माहीत आणि मिठागरवालीलाही माहीत. मला लायसन मिळालं त्या दिवशी तो बाजूला बसला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि रेवदंड्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. परत येताना म्हणाला, "गियर जरा आधी बदल." कौतुक तेवढंच.

डोळे गेले तरी बदली तोच करायचा, चाचपून. मी ब्रेक दाबून बसायची.

एका सकाळी चहा पिऊन तो पडवीत टेकला आणि परत उठला नाही. चहा पिऊन झाला होता, तेवढं बरं.

त्यानंतरची पहिली बदली मी रस्त्यावरच्या दुकानात करून घेतली. दुकानवाला मुरुडकडचा. आखातात बरीच वर्षं याच कामात होता, मग परत येऊन इथे दुकान टाकलं. बोलायला गोड माणूस. त्याने मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. गाडी एका झटक्यात वर गेली. नट फिरवायची बंदूक असते, ती घर्र घर्र वाजली आणि चारही चाकं निघाली, घर्र घर्र वाजली आणि बसली. मी अजून पदर सारखा करत होते.

"झालं आजी."

"झालं?"

"व्हय. आणखी काय करायचं?"

मला तरी काय माहीत आणखी काय करायचं. मी पैसे दिले आणि घरी आले. घरी येऊनही सकाळच होती. सगळा दिवस पुढे तसाच पडला होता.

काही दिवसांनी चौलजवळ गाडी पंक्चर झाली. स्टेपनी काढली, पाना लावला, नट हलेना. बंदुकीने असे आवळले होते की हाताने सुटायची सोय नाही. पान्याच्या दांड्यावर उभी राहिले, तरी नाही. शेवटी नारळाचा टेम्पो थांबला, त्यातल्या दोन माणसांनी पान्यावर पाईप चढवून नट सोडवले, आणि मी म्हटलं म्हणून बाकीच्या चाकांचेही ढिले करून हाताने बेताने आवळून दिले. मी तशीच त्या दुकानात गेले.

"माणसाच्या हाताने सुटंल असा नट आवळता येत न्हाय तुला?"

तो हसला. "आजी, बंदूक जोरात वाजल्याशिवाय गिऱ्हाईकाला बरं वाटत न्हाय. हळू वाजली तर विचारतात, ढिला तर न्हाय ना राहिला?"

"मग त्या गिऱ्हाईकांनाच वाजव. मला नको तुझी बंदूक."

"नका घेऊ. पण तुमच्या वयाची बाई टायर खोलणार कशी?"

"कशी ते बघायला ये," म्हटलं, आणि आले. तो काही बघायला आला नाही. पुढे दीड-दोन वर्षं मीही काही केलं नाही. पुढचे टायर झिजत राहिले.

आता आमच्या गल्लीचं सांगते, कारण पुढे तिचा संबंध आहे. आम्ही आलो तेव्हा दोन्ही बाजूंनी माणसं होती. मग एकेकाने वाडी विकली. मुंबईच्या लोकांनी बंगले बांधले, गेटं लावली, गेटांवर सुट्टीची नावं लावली. शनिवार-रविवारी गाण्यांचा धिंगाणा असतो. मुलं-माणसं समुद्रावर गाड्या नेऊन वाळूत रुतवतात, आणि मग गावातली माणसं फावडी घेऊन त्या काढायला जातात. सोमवारपासून गल्ली मुकी. राखणदार असतात, तेही बाहेरगावचे, पावसाळ्यात मालक येत नाहीत म्हणून आपल्या गावी जातात. गेटामागे दिवा जळत असतो आणि आत कोणी नसतं. पूर्वी पावसाळा आला की आमच्या पडवीत शेजारणी पापड सुकवायला जागा मागायला यायच्या. आता जागा खूप आहे.

मुख्य रस्ता आमच्या घरापासून लांब. रिक्षावाले गल्लीत यायला कुरकुरतात. गुडघे तेवढं चालू देत नाहीत. गाडी आहे म्हणून मी बाजार करते, डॉक्टरकडे जाते, मासे बघून घेते. गाडी गेली तर पुढे काय, ते मला ठाऊक होतं. पोराचा उलव्याचा फ्लॅट. तिथे मी एकदा महिनाभर राहिले आहे. सून चांगली आहे, नात चांगली आहे. सकाळी सगळे आपापल्या दारातून निघून जातात आणि मी अकराव्या मजल्यावर उन्हाची पट्टी सोफ्यावरून टीव्हीवर सरकताना बघते. इथेही मी एकटी असते, पण इथे माझं एकटेपण माझ्या हातात आहे. गाडीची चावीही.

पोरगा मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. फोन रोज करतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवू का. एवढंच. पण त्या दिवशी बराच वेळ बोलला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी आहे.

"आये, गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. माझ्याच ऑफिसातला हाय. शनिवारी घेऊन येतो."

"मी कधी सांगितलं इकायची हाय म्हणून?"

"टायर बघितलेस का पुढचे? मागच्या वेळी आलो तेव्हा बघितले मी. टकले झालेत. पावसात घसरलीस कुठं तर कोण उचलणार तुला?"

"टायर झिजतात. माणूस झिजलं तर काय इकतात का?"

"आये, प्रॅक्टिकल बोल. वापरायची असेल तर गाडी नीट ठेवायला लागते. तुला दुकान नको, बाबा न्हायत. मग करणार कोण?"

"मी."

तो म्हणाला, "ठीक हाय. शनिवारी येऊन बघतो. टायरांची बदली झालेली नसेल तर त्याच दिवशी गाडी जाईल. आता वाद नको."

मी फोन ठेवला. वाद मी घालणार नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडलेला होता. सकाळचं आवरून मी पाना, जॅक आणि नट ठेवायला परात घेऊन बाहेर आले. माझ्याकडे जॅक एकच. एका जॅकवर बदली करायची नवऱ्याची रीत होती. आधी मागचं चाक काढायचं आणि त्या जागी स्टेपनी लावायची. मग पुढचं काढून तिथे मागचं घालायचं. मग परत मागे येऊन स्टेपनी सोडवायची आणि पुढचं तिथे बसवायचं. स्टेपनी मधल्या मधे जामीन राहते. एक बाजू झाली की दुसरी.

दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे जॅकखाली ठेवायची फळी. आमची जमीन वाळूची, नुसता जॅक खाली खचतो. नवऱ्याची जाड फळी होती, ती वाळवीने खाल्लेली निघाली. हात लावला तशी पीठ झाली. मग मी घरातून पाट आणला. सागवानी, लग्नातला. दोन होते, एक त्याचा, एक माझा. त्याचा आणला. त्यावर बसणारं आता कोणी नव्हतं.

दुसरी अडचण ब्रेक दाबणार कोण. मी एक दांडका शोधला, सीट आणि ब्रेक यांच्या मधे अडकवला, आणि बाहेर येऊन पाना लावला. दांडका आत खाडकन पडला. परत अडकवला. परत पडला. तिसऱ्या वेळी मी वैतागून म्हटलं, पडू दे. हँडब्रेक ओढलेला होता, चाकाच्या मागे दगड होता. पाना नटावर बसवला, त्याच्या दांड्यावर चढले आणि मिठागरात तुडवायची तशी टाचेने दाबला. नट कर्रकन सुटला. दुसरा सुटला. सगळे सुटले. गाडी तसूभर हलली नाही.

मी पान्यावरून उतरले आणि उभी राहिले. नट सोडवताना चाक जमिनीवर असतं. गाडीचं सगळं वजन त्याच्यावर असतं. ते फिरणार कुठे? ब्रेक दाबायची गरजच नव्हती. आज नव्हती तशी तेव्हाही नव्हती. आणि ट्रेलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणेल का? रस्त्यात, रानात, कुठेही त्याने एकट्याने चाकं बदलली होती. तिथे कोण बसायचं ब्रेक दाबून?

मग मला कशाला बसवायचा?

मी त्यावर विचार करत राहिले. मी पायात पायात येते म्हणून असेल. नाहीतर नट हरवीन म्हणून. विचारायला तो नव्हता. असा विचार करत मी मागे स्टेपनी बसवली आणि पुढच्या चाकाकडे आले, आणि तिथेच चुकले. मागची जागा जोत्याजवळची, घट्ट. पुढच्या चाकाजवळ नेमकं माडाला जाणारं पाणी वाहतं, तिथली वाळू भुसभुशीत. एरवी मी पाय देऊन बघितली असती. मिठागरात वाढलेल्या बाईला कोणती जमीन धरेल आणि कोणती नाही हे टाचेला कळतं. पण मी त्या दिवशी टाचेला विचारलंच नाही. पाट टाकला, जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढलं.

काढलेलं चाक मी आडवं करून गाडीच्या खाली सारलं. ही नवऱ्याची शिस्त. जॅक सुटला तरी गाडी चाकावर बसते, माणसावर बसत नाही. मी सारलं आणि हात बाहेर काढला, तोच पाटाची एक कड वाळूत गेली, पाट मधोमध फाटला आणि जॅक आडवा झाला. गाडी धपकन खाली आली, त्या चाकावर.

मला काही झालं नाही. परात उलटून नट वाळूत सांडले. वरच्या माडावरचा कावळा उडाला, थोड्या वेळाने परत येऊन बसला.

मी हाक मारली. "कोण हाय का?" आमच्या बाजूचा बंगला, त्याच्या पलीकडचा, समोरचा. परत मारली, जोरात. मिठागरात आम्ही या टोकाहून त्या टोकाला हाका मारायचो, माझा आवाज बारीक नाही. एका गेटातून कुत्रा भुंकला, तेवढंच उत्तर. कोणालाही न दिसता मरायचं असेल तर आमची गल्ली चांगली आहे, असं तेव्हा वाटलं, आणि रागच आला.

फोन होता. पोराला केला असता तर तो तासा-दीड तासात आला असता, आणि येताना गिऱ्हाईक बरोबर घेऊन आला असता. गाडी अशी पडलेली बघितल्यावर मला बोलायला तोंड राहिलं नसतं. दुकानवाल्याला करता आला असता, पण त्याला "कशी ते बघायला ये" म्हणून बसले होते. फोन मी पडवीत नेऊन ठेवला, जवळ असला की हात जातो.

मग बसून बघितलं. गाडी चाकावर बसलेली. चाक निघायचं तर गाडी वर जायला हवी. जॅक लावायचा तर खाली पुरती जागा हवी, आणि जॅकखाली काही घट्ट ठेवायचं तर आणखी हवी. वर जागा नव्हती. तेव्हा मला समुद्रावर रुतणाऱ्या त्या शहाण्यांच्या गाड्या आठवल्या. त्या कोणी उचलत नाही. खालची वाळू काढतात. गाडी वर जात नसेल तर जमीन खाली न्यायची. वाळू असेल तर तेवढं सोपं असतं.

मी फावडं आणलं. चाकाच्या बाजूला, जिथे जॅक लागतो तिथे, खड्डा खणला. वरची वाळू परत परत आत घसरायची, तिला करवंट्या लावून अडवलं. तळ टाचेने तुडवला, ओली वाळू वर येईपर्यंत तुडवला, पाणी बाजूला सारून परत तुडवला. अशी जमीन मी चाळीस वर्षांत तुडवली नव्हती. टाच विसरलेली नव्हती. मग घरातलं जातं उघडलं. वरची तळी नुसती सरकवली, खालची लोळवत बाहेर आणली. दगड काही फाटत नाही. ती खड्ड्यात बसवली, त्यावर जॅक, आणि हळूहळू फिरवला. प्रत्येक फेरीला थांबायची, बघायची, परत फिरवायची. गाडी चाकावरून सुटली तेव्हा कोण बोललं म्हणून मी मागे बघितलं. मीच बोलले होते. "झालं का?" म्हणून विचारत होते, आणि खालून मीच काम करत होते.

चाक काढलं. मागचं पुढे बसवलं. वाळू चाळून नट शोधले, सगळे सापडले. मागे जाऊन स्टेपनी सोडवली, पुढचं तिथे लावलं. डावी बाजू पुरी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. उजव्या बाजूला हात लावायची ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी अंगच हललं नाही, तिसऱ्या दिवशी पाऊस. आणि मग शनिवार आला.

पोरगा सकाळीच आला, एकटा. गिऱ्हाईक दुपारी यायचं होतं. त्याने गाडीला फेरी मारली. डावी बाजू बघून त्याच्या भुवया वर गेल्या. उजवी बघून खाली आल्या.

"अर्धीच केलीस?"

"अर्धी राहिलीय."

मग त्याला खड्डा दिसला. मी बुजवला होता, पण करवंट्या तिथेच होत्या. मग पडवीत पाटाचे दोन तुकडे दिसले. तो काही मूर्ख नाही, त्याला कळलं.

"आये, मेली असतीस."

"खाली चाक सारलेलं होतं."

"आणि नसतं सारलं तर?"

"सारलं होतं ना? मग नसतं कशाला काढतोस?"

"बाबांचा पाट फोडलास."

"फुटला. जातं काढायला पाहिजे होतं आधीच. आता कळलं."

तो पायरीवर बसला, कपाळ धरून. बापाची तीच सवय. मला वाटलं आता फोन लावतो आणि गिऱ्हाईकाला लवकर बोलावतो. मी परात घेतली, पाना घेतला, जात्याची तळी उजव्या बाजूला लोळवत नेली.

"सोड, मी करतो," तो उठून म्हणाला.

"तुला येतं?"

येणार कुठून? नोकरी टायरांच्या जिवावर चालते, पण त्याने आजवर एक नट सोडवलेला नाही. बापाने शिकवलं नाही, घरी होताच कुठे तेव्हा.

"तू आत बस," म्हटलं. "ब्रेक दाबून धर."

"ब्रेक कशाला? हँडब्रेक हाय ना?"

"दाब म्हटलं ना. मी सांगेपर्यंत पाय काढू नको."

तो बसला. गुडघे स्टिअरिंगला लागत होते, सीट माझ्या मापाची. मी पान्यावर उभी राहिले, नट सुटला.

"आये, तू खाली वाकलीस की आरशात दिसत न्हायस."

"तुझा बापही दिसायचा न्हाय. म्हणून मी बोलत राहायची."

"काय बोलायचीस?"

"काय वाट्टेल ते. बोल तू."

जरा वेळ नुसता पान्याचा आवाज झाला. मग तो बोलायला लागला. आधी ऑफिसातलं, कोणता माल कुठे अडकला. मी खालून म्हटलं, "हां. मग?" मग म्हणाला, कंपनीत माणसं कमी करतायत, त्याचा नंबर लागेल की काय म्हणून झोप लागत नाही, बायकोला सांगितलेलं नाही. "हां. मग?" मग नातीचं, तिला शाळेत कोणी मैत्रीण नाही, डबा एकटी खाते. त्याच्या रोजच्या फोनात यातलं एक अक्षर मी कधी ऐकलं नव्हतं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवू का, यात ते कुठे मावणार? मी चाक काढलं, खाली सारलं, दुसरं लावलं. तो बोलत होता. एकदा आवाज अडला तेव्हा मी पाना उगीच एका नटावर वाजवला, म्हणजे त्याला वाटावं मी कामात आहे.

"आये, पाय भरला. झालं का?"

नट सगळे आवळून झाले होते. फुलीत आवळायचे असतात, एक वरचा, एक खालचा, तसे आवळले होते.

"न्हाय अजून. दाबून धर."

मग त्याने आणखी बरंच सांगितलं. मी चाकाला पाठ लावून खाली वाळूत बसले आणि हातात पाना धरून ऐकलं.

शेवटी बाहेर आला, पाय झटकला, चारही टायर बघितले. चार जागी चार, कोणाची कुठे बदली झाली ते मलाच माहीत. मग पडवीत जाऊन फोन लावला. "अरे, नको येऊ," म्हणाला. "न्हाय, टायर चांगले हायत. आईला लागते गाडी."

जेवून गेला. जाताना सांगून गेला, पुढल्या वर्षीपासून दुकानात करायचं, हवं तर बंदूक लावू नको म्हणून मी सांगतो त्याला. मी बरं म्हटलं. दुकानात लवकर होतं, कष्ट नाहीत, पाट फुटत नाही. दुकानाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

पुढल्या वर्षी काय करायचं ते ठरवलं आहे. पोराला आधी फोन करणार. उजवी बाजू अडली आहे, म्हणून सांगणार.